चिमाक्का आणि राधाबाई

वंशवेल यंत्र तिसऱ्या दिवशीही खापरपणजीपाशीच अडलं, तेव्हा हेमांगीचा संयम सुटला. तिच्या लेकीचे, मुक्ताचे, स्नायू आठवड्यागणिक लुळे पडत होते. आजार आईकडून लेकरांत उतरणारा. उपचाराला त्याच मातृवंशातली निरोगी बाई हवी होती, आणि ती शोधायला आयांची साखळी अखंड हवी होती.

“खापरपणजी राधाबाई. तिच्या जन्माची नोंद नाही,” यंत्र म्हणालं.

हेमांगीने राजापूरच्या यमूमावशीला फोन लावला.

“अगं, ते सासरचं नाव! लग्नात तांदळांत लिहून बदललेलं. माहेरी ती चिमाक्का.”

“चिमाक्का सापडली,” यंत्र म्हणालं. “नोंद वैशाख शुद्ध सप्तमीला संपते, म्हणजे मृत्यू. राधाबाई त्याच दिवशी सुरू होते. दोघी वेगळ्या.”

“मेली नाही रे ती, लग्न झालं तिचं!”

“मृत्यूचं कारण लग्न असं लिहू?”

हेमांगीने टेबलावर मूठ आपटली. “नावं बघू नकोस! लग्नाच्या दिवशी एक नाव संपून दुसरं सुरू झालं असेल, तर ती एकच बाई धर. सगळीकडे!”

यंत्राने सगळ्या नोंदी पुन्हा जुळवल्या. मग पडद्यावर चिमाक्काची बहीण आली, बहिणीची लेक, लेकीची लेक, आणि शेवटी गडहिंग्लजची एक जिवंत, निरोगी बाई.

हेमांगीने नंबर लावला.

“तुमचं नाव काय हो?”

“कुठलं सांगू? माहेरचं की सासरचं?”

“दोन्ही सांगा,” म्हणताना हेमांगीला रडू फुटलं.