टोणग्याची आजी

"आई जुळली, किशनराव. आजी जुळत नाही," वळू केंद्राच्या डॉक्टर सुकेशनी हातातल्या डीएनए अहवालावरून नजर न उचलता म्हणाल्या.

अंगणातली हलगी थांबली. किशनरावांचा हात नकळत डोक्यावरच्या गुलाबी फेट्याकडे गेला. दावणीला त्यांचा वर्षाचा टोणगा गळ्यातल्या हारातली झेंडूची फुले निवांत चघळत होता. राणीसावरगावच्या शिवारातून वळू केंद्रासाठी निवडलेला हा पहिलाच टोणगा. उद्या म्हशी फळवायला त्याच्या रेतमात्रा साऱ्या मराठवाड्यात जाणार होत्या आणि प्रत्येक नोंदीवर किशनरावांचे नाव राहणार होते. त्यासाठीच त्यांनी भावकी जमवली होती. थोरल्या वहिनीला तेवढे बोलावले नव्हते. तरीही त्या, मनकर्णाबाई, आल्या होत्या. आठ वर्षांत प्रथमच या दारात आल्या आणि कोणी 'बसा' म्हणण्याची वाट न पाहता ओट्यावर ताठ बसल्या होत्या.

"बाई, टोणग्याला आजी कशाला लागती?" चुलतभाऊ भुजंग म्हणाला. "त्याचं काय लगीन लावायलाव का आपण?"

भावकी हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"टोणगा दूध देत नाही, म्हणून लागते. त्याच्या अंगी काय आहे, ते त्याच्या आईवरून आणि आजीवरून ओळखायचे असते. जास्त दुधाची म्हैस बहुधा लवकर गाभण राहत नाही. याची आई चौदा लिटर देते आणि तरीही दरसाल विते. हा गुण पिढीजात आहे की एकटीपुरता, हे आजीकडून कळते. तुम्ही दाखवलेल्या म्हशीच्या शेपटीचे केस आम्ही तपासले. ती याची आजी नाही. खरी आजी दाखवा, आत्ता केस घेते. नाहीतर संध्याकाळी यादी जाईल, त्यात तुमचे नाव नसेल."

खरी आजी कोणती, हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होते.

आठ वर्षांपूर्वी मनकर्णाबाई लेकीच्या बाळंतपणाला सोनपेठला गेल्या होत्या. गोठा तेव्हा सामाईक होता. एकाच दुपारी दोघांच्याही म्हशी व्याल्या. वहिनीच्या म्हशीला वगार झाली, किशनरावांच्या म्हशीला टोणगा. पिल्ले अजून ओलीच होती, तेवढ्यात किशनरावांनी त्यांची अदलाबदल केली. मनकर्णाबाई परतल्या, तर त्यांची म्हैस त्या टोणग्याला सडाला लागू देईना. लाथ मारी आणि किशनरावांच्या दावणीकडे पाहून रेके. त्यांनी भावकीपुढे गाऱ्हाणे मांडले. तेव्हा किशनराव म्हणाले होते, "वैनीची म्हैस बोलायलीय जणू! आता साक्षीला बी तिलाच उभी करा." भावकी पोट धरून हसली होती. मनकर्णाबाई दुसऱ्याच दिवशी आपली म्हैस दावणीची सोडून, तिला घेऊन शेतातल्या आखाड्यावरच्या झोपडीत राहायला गेल्या. त्या दिवसापासून त्या वाटेला किशनरावांनी पाऊल घातले नव्हते.

आता ते वाकून ओट्यापाशी गेले.

"वैनी," ते कुजबुजले, "तुमच्या म्हशीचे चार केस द्या. कानातला नंबराचा बिल्ला चुकून बदलला म्हून सांगतो. कोणाला काय कळायचं न्हाई."

"मोठ्यानं बोला, किशनराव. मला आताशा कमी ऐकू येतंय."

"वैनी, हात जोडतो."

"हात जोडू नका, तोंड उघडा. त्या दिवशी ज्यांच्यापुढं मला खोटी पाडली, ते समदे हितंच बसलेत. त्यांच्यापुढं खरं बोला. मग मी केस आडवून धरायची न्हाई."

किशनरावांनी अंगणावर नजर फिरवली. मनाशी त्यांनी हिशेब केला. माणसे महिनाभर बोलतील, दिवाळीपर्यंत विसरतील. टोणग्याचे नाव मात्र पुढच्या पिढ्यांच्या म्हशींत राहील. त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"ऐका समदे. ही चौदा लिटरवाली माझ्या म्हशीची न्हाई. वैनीच्या म्हशीची वगार मी उचलली अन् माझा टोणगा तिच्याखाली सोडला. वैनी खरं बोलत होत्या. मी खोटा."

अंगणात कोणी हसले नाही. भुजंगने मान खाली घातली. उंबऱ्यात ओवाळणीचे ताट घेऊन उभी असलेली किशनरावांची बायको केशरबाई आत वळली आणि तिने दार लोटून घेतले. किशनरावांना ते सारे दिसले, लागलेही. पण त्यांचे लक्ष डॉक्टरबाईंच्या हातांकडे होते. बाईंनी पिशवीतून कोरे पाकीट काढले, त्यावर तारीख घातली आणि त्या ओट्याकडे वळल्या.

"चला मावशी. कुठे बांधली आहे तुमची म्हैस?"

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. त्यांनी एकवार सगळ्या भावकीकडे पाहिले.

"लिंबाखाली पुरलीय, बाई. दोन वरसं झाली. समाचाराला हितलं कोणी आलं न्हाई, म्हून यांना ठावं न्हाई."