आवाजचाचणी

पुराचे इशारे, हरवलेल्या माणसांची वर्णनं, परीक्षांचे निकाल गावाला सांगणारे निवेदक जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा आवाज एकदा तरी कानावर पडावा म्हणून त्यांची बायको रेडिओ केंद्रात आली. “वहिनी, टेपांची नेहमीच टंचाई. जुनं पुसून त्यावरच नवं भरायचो,” तंत्रज्ञ मान खाली घालून म्हणाला. “दादांनी वाचलेली एकही बातमी उरली नाही.” “गावाची हरवलेली माणसं ह्यांनी शोधून दिली, भावजी. आता ह्यांना कोण शोधणार?” तंत्रज्ञाला आठवलं. नवं भरताना टेप थोडी पुढून सुरू करत. त्यामुळे टेपेच्या सुरुवातीला, माइक तपासायला केलेली दादांची आवाजचाचणी तशीच उरायची. त्याने एक जुनी टेप लावली आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले. “हॅलो, एक, दोन, तीन. आज भाजीत मीठ नाही. बाईसाहेब कादंबरी वाचत स्वयंपाक करतात. चार, पाच.” ती चटकन म्हणाली, “मीठ होतं.” “काय, वहिनी?” “तुमच्याशी नाही बोलत मी, भावजी.”