रॅडलींची ती ओळ

"हे स्वप्न नाही सर," सत्यशीला म्हणाली, "हे आमच्या घरी रोज घडतं."

चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या सभागृहातल्या माना तिच्याकडे वळल्या. १९८४ सालचं चर्चासत्र. पहिल्या रांगेत खुद्द कवी बसले होते, इंग्लंडहून आलेले प्रोफेसर एडविन रॅडली. स्वप्नासारख्या, अर्थ हाती न लागणाऱ्या कवितांसाठी त्यांचं नाव होतं. सकाळपासून तिघांनी त्यांच्या एकाच ओळीवर निबंध वाचले होते: 'आई घंगाळात रात्र धुते, आणि खाली बाबा सापडतात.' कुणाला त्यात मृत्यू दिसला, कुणाला सुप्त मन.

विभागप्रमुख वामनराव हसले. "मॅडम, ही अतिवास्तववादी कविता आहे. घरच्या गोष्टी कुठे आणता?"

त्याच विभागात शिकवणाऱ्या सत्यशीलाची नोकरी अजून कायम व्हायची होती. तरी तिने माइक सोडला नाही.

"माझे बाबा कोळसा खाणीत आहेत. कामावरून येतात तेव्हा नुसते डोळे दिसतात. आई पाणी ओतते, तसतसा चेहरा निघतो. लहानपणी मला रोज धाक असायचा, आज भलताच कुणी निघाला तर?" मग ती थेट रॅडलींकडे वळली. "सर, तुमचे वडील काय करायचे?"

वामनराव तिला थांबवायला उठले. रॅडलींनी हातानेच त्यांना बसवलं.

"खाणीत होते. कोळशाच्याच," ते म्हणाले. "तीस वर्षं लोक त्या ओळीवर लिहिताहेत. हे कुणी विचारलं नाही. विद्यापीठात मीही कधी सांगितलं नाही. लाज वाटायची." मग त्यांनी विचारलं, "तुमचे वडील कुठे असतात?"

सत्यशीलाने शेवटच्या रांगेकडे बोट केलं. पत्रू तिथे धुतलेला सदरा घालून ताठ बसला होता. इंग्रजीतलं त्याला अक्षर कळत नव्हतं. सगळे आपल्याकडे का पाहताहेत म्हणून तो बावरून उभा राहिला.

रॅडली खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेले. त्याचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला. जुन्या जखमांत कोळसा शिरून निळे वण राहिले होते. त्यांवर अंगठा फिरवत त्यांनी काहीतरी विचारलं.

पत्रूने लेकीकडे पाहिलं. "काय म्हनते सायेब?"

"कोनती पाळी, विचारून राह्यले, बाबा."

"तिसरी," पत्रू म्हणाला. "सकाळीच सुटली. पन झोपलो नाई म्हना. पोरीचं आयकाचं होतं."