टीचरचा खांब

खांबाचा कोपरा अजून धारदार होता. इंजिनीअर अक्षयाने त्यावरून अंगठा फिरवला. कार्बन तंतूंचं कापड चिकटवण्याआधी कोपरे घासून गोल करावे लागतात. नाहीतर भूकंपाच्या हादऱ्यात कापड नेमकं तिथेच फाटतं. वसईतल्या या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे बाकीचे सगळे खांब काळे, गुळगुळीत झाले होते. राहिला होता फक्त क्लेमेंटीन टीचरच्या हॉलमधला. परवा कामगार वालीवच्या दुसऱ्या कामावर जाणार होते.

खांबाच्या एका बाजूला आल्तार, म्हणजे प्रार्थनेची छोटी वेदी होती. टीचरच्या नवऱ्याने, जेम्सने, ती सिमेंटने खांबालाच जोडून बांधली होती. वर मरियामाता, खाली मेणबत्त्या.

"तीनच बाजूंना लावा ना," सोसायटीचे सेक्रेटरी भालचंद्र कुजबुजले. "चौथी बाजू देवाची."

"काका, वेढा पूर्ण नसेल तर खांब आवळला कसा जाणार? हादऱ्यात हाच आधी फुटेल. तुम्ही टीचरना विचारलंत ना?"

भालचंद्रांनी विचारलं नव्हतं. नाताळात ते म्हणाले होते, ईस्टर होऊ दे. ईस्टरनंतर म्हणाले, ऑक्टोबरची रोझरीची प्रार्थना होऊ दे. दुसऱ्याच्या देवाला हलवा, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

टीचर चहा घेऊन आल्या.

"भालचंद्र, मागच्या बाकावरची कुजबुज मला शाळेतही ऐकू यायची." मग त्यांना खांबावरचा अक्षयाचा हात दिसला. "सगळ्यांचे खांब झाले. माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही. वाटलं, एकटी म्हातारी, हिच्यासाठी कोण एवढं करतंय."

"तसं नाही हो, टीचर," भालचंद्र म्हणाले.

"अरे, रागावले नाही मी. माझी लेक जेनिफर केव्हापासून मागे लागलीय, पुण्याला ये, घर विकून टाक. या रविवारी तिला हो म्हणणार होते."

भालचंद्रांनी कप खाली ठेवला. "टीचर, तुमचा आल्तार काढावा लागेल. मला विचारायला जीभ रेटेना."

"वर्षभर?"

त्यांनी मान खाली घातली.

टीचर खांबापाशी गेल्या, मेणबत्त्या विझवल्या. मूर्ती उचलून ओढणीच्या टोकाने पुसली आणि भालचंद्रांच्या हातात दिली.

"तुझ्या घरी ने. दोन दिवस तिलाही पहिला मजला बघू दे."

मग त्या अक्षयाकडे वळल्या.

"फोड गं. मी इथेच राहणार आहे."