खालचे दोन टाके

जिन्यातच तिला लेकीचं रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, घशातून नुसती घरघर येत होती. तिने घाईघाईने कुलूप उघडलं.

आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसून विणत होती. पाळण्यात लेक पार ओलीचिंब. सकाळी भरून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये तशाच ओळीने उभ्या. तिने लेकीचे कपडे बदलले, दूध कोमट करून बाटली तोंडाला लावली. आत्याने मान वर केली नाही. ओळ अर्धवट सोडायची नाही, ही तिची जुनी शिस्त.

काय बिघडलं ते कळेना, म्हणून तिने रोजच्यासारखा मोबाइल काढला आणि आत्याच्या मांडीवरल्या शालीवर धरला. हिरवी खूण आली. एकही चूक नाही.

ही परीक्षा आत्यानेच मागून घेतली होती. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेली बाई. हल्ली चहात मीठ पडू लागलं, शेजारणीला भलत्याच नावाने हाक जाऊ लागली, तेव्हा भाचीचा नवरा म्हणाला, तान्ही पोर हिच्या भरवशावर कशी सोडायची? पण पाळणाघरात जागा नव्हती, तिची रजा संपली होती आणि नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी. आत्याच्या कानावर ते गेलंच. जावईबापूंनी शंका खुशाल घ्यावी, ती म्हणाली, पण पुराव्यानिशी घ्यावी.

मग भाचीने नियम लिहिला. प्रोग्रॅम लिहिणं हे तिचं रोजचंच काम. नक्षीचा तक्ता समोर ठेवला की आत्या कुठली ओळ चालू आहे ते विसरायची, चिडायची, सगळं उसवून टाकायची. म्हणून तक्ताच नको. खालच्या ओळीतले शेजारशेजारचे दोन टाके बघायचे. सारखे असले तर सुलट घालायचा, वेगळे असले तर उलट. बस, एवढंच. त्यातून त्रिकोणांची नक्षी आपोआप उमटत जायची. आणि एक टाका जरी चुकला तरी ती चूक वरच्या ओळींत पसरत जायची, लपवून लपायची नाही. रोज संध्याकाळी फोटो काढायचा, बाकीची तपासणी प्रोग्रॅम करायचा. आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले, आता लोकर माझा पेपर तपासते, असं म्हणून आत्या हसायची. हिरवी खूण आली की भाची नवऱ्याला फोनवर ठणकावून सांगायची, डोकं कसं लख्ख आहे बघ तिचं.

आता ती त्या खुणेकडे बघत राहिली. आत्या विसरली तरी तिचं अडू नये, म्हणूनच तर नियम तसा लिहिला होता. समोरची ओळ दिसली की पुरे. कालचं काही लागत नाही, सकाळचंही लागत नाही. आणि त्याच नियमावर ती इतके दिवस आत्याची स्मरणशक्ती तपासत आली होती.

लेक दूध पिता पिता मध्येच हुंदके देत होती. सकाळी कामावर जायचं होतं. पोरीला कुणावर सोपवावं, सुचेना. लेकीला तशीच कडेवर घेऊन ती खुर्चीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "आत्या."

आत्याने ओळ पुरी केली. सुया मांडीवर ठेवल्या. चष्म्याच्या वरून दोघींकडे बघितलं. चेहरा कळवळलेला होता.

"बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "केव्हाचं रडतंय हो हे पोर. कुणीतरी याच्या आईला बोलवा."