गुळगुळीत कोबा

१९८६ साली सासऱ्यांनी गोठ्यात गुळगुळीत कोबा केला. माझ्या माहेरची जर्सी गाय त्यावर बसेचना. बसायला गेली की पाय घसरायचे, गुडघे सोलवटायचे. उभी राहून राहून तिचं दूध निम्म्यावर आलं.

“मामंजी, तिच्याखाली उसाचं पाचट तरी अंथरूया.”

“कचरा टाकायला केलाय होय? माणसं कोबा बघायला येतात!”

“नजर लागलीय तिला,” सासूबाई मिरच्या ओवाळत म्हणाल्या. मळ्यात दीर तेच पाचट पेटवून देत होते.

मामंजींनी गाय विकली. नव्या मालकाच्या गोठ्यात, पाचटावर, ती पहिल्याच दुपारी बसली. दूधही वाढलं.

सासूबाई गेल्या, दीर नोकरीला शहरात गेले. मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले. “सूनबाई, गादी टोचते,” म्हणायचे. मी गादीवर आणखी एक गोधडी अंथरायचे.