स्वखुशीची बंदी

"रोज येता?" पेल्टियरने विचारलं.

"रोज," लोरेटाबाई म्हणाल्या. सत्तरी उलटलेली बाई. अंगातला जाड कोटही काढायला तयार नव्हती.

"यंदा घर तापवायला ठेवलेले पैसेसुद्धा जुगाराच्या मशीनने खाल्ले, साहेब," शेजारी बसलेली त्यांची लेक डॅर्लीन म्हणाली. "बाहेर उणे तीस. आम्ही घरात कोट घालून जेवतो."

पेल्टियरने सहानुभूतीने मान हलवली. जुगाऱ्यांची काळजी घ्यायला कॅसिनोनेच त्याला नेमलं होतं. पगारही कॅसिनोच देत असल्यामुळे काळजी बेतानेच घ्यावी लागे. साधा जुगारी हरला की जेवायला जातो, आजारी जुगारी हरला की भरून काढायला बसतो, एवढं त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाकीचं तो चेहऱ्यावरून ओळखत असे.

"ठरवलेल्या वेळी निघता येतं?"

"कधीच नाही."

"बाहेर कोणाला ठाऊक आहे?"

"छे! चर्चमध्ये सांगते, बहिणीकडे जाते म्हणून."

"मावशी जाऊन सहा वर्षं झाली," डॅर्लीन पुटपुटली.

"थांबवायचा प्रयत्न केलात कधी?"

"रोज करते." लोरेटाबाई म्हणाल्या. "रडते, भांडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

इतका सरळ रुग्ण पेल्टियरला वर्षभरात मिळाला नव्हता. त्याने कागद पुढे सरकवला. "पाच वर्षांची बंदी. स्वखुशीने. सही झाल्यावर खेळाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलंत, तर पोलिसांना बोलवावं लागेल."

लोरेटाबाईंनी पेन उचललं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "नक्की ना गं?"

"आई, आधी तू. ठरलंय ना आपलं?"

त्यांनी सही केली. पेल्टियरने फोटो काढला आणि पाठ फिरवून संगणकावरून तो सगळ्या दारांवरच्या पहारेकऱ्यांना धाडला.

"झालं! सुटलात. आता दोघी निवांत घरी जा."

"आता हिची सही," लोरेटाबाई म्हणाल्या. "आधी मी, मग ही, असं ठरलंय."

"यांची? यांची कशाला?"

शेजारची खुर्ची रिकामी होती. दार उघडं होतं आणि मशिनींचा किणकिणाट थेट खोलीत येत होता.

लोरेटाबाई धडपडत उठल्या, दारापर्यंत पोचल्या. तिथल्या पहारेकऱ्याने अदबीने हात आडवा धरला.

"आजी, तिकडे नाही. तुम्हाला बंदी आहे."

"अरे बाबा, मग रोजच्यासारखं तिला मशीनवरून उठवून घरी नेणार कोण?"